सिम८००एल सारखं रिसेट होतंय? आधी सप्लाय बघा, मॉड्यूलला शिव्या नंतर

"दादा, मॉड्यूल डुप्लिकेट निघालं वाटतं." डिप्लोमाचं पोरगं प्रोजेक्टचा डबा घेऊन आलं की पहिलं वाक्य हेच असतं. आणि शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायला घरीच स्टार्टरला जोड करणारे काका असतील तर "नेटवर्कच नाही हो आमच्याकडं". मी दोघांनाही आधी एकच विचारतो, ४ व्होल्ट कुठून घेतलेत? दहातले आठ जण तिथंच अडकतात. माझ्याकडे खराब म्हणून आलेली कितीतरी सिम८००एल (सिमकार्ड घालून मेसेज-कॉल करायचं छोटं मॉड्यूल) मी फक्त वायर बदलून परत दिलीत, त्यामुळे एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं. यातलं एकजरी जुळलं तरी संशय सप्लायवर घ्या.

– मॉड्यूलवरचा एलईडी सेकंदाला एकदा असा ७-८ वेळा लुकलुकतो, मग मध्येच विझतो, आणि परत पहिल्यापासून सुरू. हे सगळ्यात कॉमन.
– एटी ही कमांड टाकली की ओके येतं, सिग्नलही दाखवतं, पण मेसेज पाठवायला किंवा कॉल लावायला गेलं की गप्प.
– सीरियल मॉनिटरवर मध्येच कचरा अक्षरं, किंवा "कॉल रेडी, एसएमएस रेडी" हे परत परत.
– कधी सिम सापडतं, कधी "सिम नॉट इन्सर्टेड".
– आर्डुइनो (मॉड्यूलला हुकूम देणारं कंट्रोलर बोर्ड) पण मॉड्यूलबरोबर रिसेट होतो, डिस्प्ले क्षणभर मंद होतो.
– घरी टेबलावर मस्त चालतं, शेतावर विहिरीजवळ नेलं की नाही. (हे लक्षात ठेवा, याच्यावर खाली सविस्तर बोलतो.)

आणि हे सप्लायचं लक्षण नाही: एलईडी न थांबता, न अडखळता तासभर सेकंदाला एकदा लुकलुकतोय. म्हणजे मॉड्यूल जिवंत आहे, त्याला फक्त नेटवर्क मिळत नाहीये. नेटवर्क लागलं की तो साधारण तीन सेकंदांनी एकदा लुकलुकतो. तर पहिलं फुकटातलं काम, सिम काढून बघा कुठल्या कंपनीचं आहे. सिम८००एल हे २जी मॉड्यूल आहे आणि जिओला २जी नाहीच, त्यामुळे जिओचं कार्ड घालून तुम्ही सोन्याचा सप्लाय दिला तरी ते लागणार नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं घाला, आणि आधी घरातल्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये घालून पिन लॉक नाही ना, मेसेज जातोय ना ते बघा. एवढ्यावर मिटलं तर उत्तम, पुढचं वाचायची गरज नाही.

आता हे होतं का ते समजून घ्या, नाहीतर पुढच्या तपासण्या पोपटपंची वाटतील. मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात, ४ च्या आसपास आदर्श. करंट किती? इथं सगळे फसतात. नुसतं बसून असताना काही मिलिअँप. पण टॉवरशी बोलताना ते सलग बोलत नाही, २जीमध्ये एका चॅनेलवर आठ जण पाळीपाळीने बोलतात, त्यामुळे आपल्या मॉड्यूलची पाळी दर ४.६ मिलिसेकंदांनी येते आणि फक्त ५७७ मायक्रोसेकंद टिकते. तेवढ्या वेळात ते २ अँपपर्यंत खेचतं. सरासरी काढली तर पाव अँप भरते, म्हणून मल्टीमीटर लावला की सगळं कसं छान ४.०० दिसतं. मीटर खोटं बोलत नाही, पण तो सरासरी सांगतो, आणि आपलं मॉड्यूल मरतं ते मधल्या खड्ड्यात पडून. शेजाऱ्याने नळाला डायरेक्ट मोटर लावली की आपल्या नळाचं पाणी पळतं ना, अगदी तसंच. टाकीत पाणी आहे, पण त्या क्षणी नळाला नाही.

आणि ते ७-८ वेळा लुकलुकून विझणं? सुरुवातीला मॉड्यूल फक्त ऐकत असतं, कुठला टॉवर आहे, सिग्नल किती. ऐकायला करंट लागत नाही. मग ते पहिल्यांदा टॉवरला हाक मारतं, २ अँपचा पहिला झटका बसतो, व्होल्टेज ३.४ च्या खाली जातं आणि मॉड्यूल स्वतःला बंद करून घेतं. परत चालू, परत ऐकणं, परत हाक. रेडिओच्या शेजारी ठेवलं तर जी टर्रर्र ऐकू येते ती या झटक्यांचीच, सेकंदाला २१७ वेळा.

चला, स्वस्तातून महागाकडे जाऊ.

पहिलं, वायर कुठून आलीय ते बघा. खर्च शून्य. आर्डुइनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेतून घेतली असेल तर तिथंच थांबा, आर्डुइनो उनो बोर्डाची ती पिन ५० मिलिअँपची आहे आणि ३.३ हे तसंही ३.४ पेक्षा कमी. ५ व्होल्टच्या पिनेतून डायरेक्ट घेतली असेल तर अजून वाईट, कारण ५ म्हणजे मॉड्यूलच्या मर्यादेच्या वर, आणि यूएसबीवर असलात तर उनोवरचा फ्यूज ५०० मिलिअँपला आहे. एक अपवाद, निळ्या रंगाचं मोठं बोर्ड मिळतं ज्यावर ५ व्होल्ट असं छापलेलं असतं, त्याला ५ च द्यायचे, ४ दिले तर ते उपाशी राहील. बोर्डावर काय छापलंय ते वाचा, व्हिडिओत काय दाखवलं त्यावर जाऊ नका.

याच वेळी अजून एक बघून घ्या. मॉड्यूलचा सप्लाय काढला तरी एलईडी मंद जळतोय का? जळत असेल तर आर्डुइनोच्या टीएक्स (डेटा पाठवायच्या) पिनेतून चोरून करंट मॉड्यूलच्या आरएक्स (डेटा घ्यायच्या) पिनेत शिरतोय. मॉड्यूलच्या पिना २.८ व्होल्टच्या हिशोबाच्या आहेत, ५ व्होल्ट सरळ देऊ नका, १० के चे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज निम्म्यावर पाडा. मुख्य म्हणजे अशी अर्धवट जिवंत अवस्था असली की मॉड्यूल नीट रिसेटच होत नाही आणि तुम्ही नको त्या गोष्टी शोधत बसता. ग्राउंड दोन्हीचं एकत्र पाहिजे हे सांगायला नको, पण सांगतो, कारण महिन्यातून एकदा तरी तेवढंच निघतं.

दुसरं, ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर. खर्च वीस रुपये. माझ्या मते अर्ध्या केसेस इथंच संपतात आणि कुणाचा विश्वासच बसत नाही, कारण वायर तुटलेली नसते, मीटर बीप करतो. पण हिशोब करा ना. पातळ जंपर, जाऊन-येऊन दोन वायरी, चार ठिकाणी पिनेचा संपर्क, त्यात ब्रेडबोर्डच्या ढिल्या पट्ट्या, सगळं मिळून पाव ओहम सहज होतो. २ अँप गुणिले पाव ओहम म्हणजे अर्धा व्होल्ट. सप्लायला ४.० असले तरी मॉड्यूलपाशी त्या क्षणी ३.५, काठावर. स्वस्तातल्या जंपरमध्ये तांब्याच्या नावाखाली काहीही असतं, लोहचुंबक लावून बघा, कधीकधी चिकटतं. उपाय काय, सप्लायच्या दोन वायरी ब्रेडबोर्डवरून नेऊच नका, जाड वायर सरळ मॉड्यूलच्या पिनेला सोल्डर करा, जितकी आखूड तितकी बरी. बाकी सिग्नलच्या वायरी राहू द्या जंपरच्या, त्यांना काही होत नाही.

इथं ती विहिरीची गोष्ट सांगतो. सिन्नरकडच्या एका तात्यांचं जोडकाम होतं, मोटर चालू झाली की मेसेज, बंद झाली की मेसेज. माझ्या टेबलावर पंधरा दिवस चाललं, एक मेसेज चुकला नाही. शेतावर लावलं, पहिल्याच रात्री बंद. त्यांच्याकडं लाईट रात्रीची, म्हणजे तात्यांना परत टॉर्च घेऊन विहिरीवर. मी मॉड्यूल बदललं. परत तेच. दुसरं बदललं. तिसऱ्या रविवारी मी जेवणाचा डबा घेऊनच गेलो आणि नीट बघितलं, तर स्टार्टरची पेटी लोखंडी म्हणून मीच शहाणपणा करून मॉड्यूल बाहेर प्लास्टिकच्या डबीत लावलं होतं, सिग्नल मिळावा म्हणून, आणि ४ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (जास्त व्होल्टेज पाडून कमी करणारं बोर्ड) आत पेटीत. मध्ये दीड मीटर बारीक वायर. ०.१४ स्क्वेअर एमएमची वायर, जाऊन-येऊन ३ मीटर, जवळपास ०.३७ ओहम. २ अँपला पाऊण व्होल्ट गेला. ४.० चे ३.२५ उरले. मेलंच ते.

मग टेबलावर का चाललं? वायर तर तीच होती. इथं दुसरी गंमत आहे, टॉवर जवळ असला की मॉड्यूलला तो सांगतो हळू बोल, आणि मॉड्यूल पॉवर कमी करतं. टॉवर लांब असला की पूर्ण ताकदीने ओरडावं लागतं, ९०० मेगाहर्ट्झवर २ वॅटपर्यंत. म्हणजे २ अँपचा झटका खरा बसतो तो शेतातच. गावात चाललं म्हणून सप्लाय पास झाला असं समजू नका.

उपाय एकदम साधा निघाला. लांबच्या वायरीतून १२ व्होल्ट न्यायचे आणि बक कन्व्हर्टर मॉड्यूलला चिकटून ठेवायचा. ४ व्होल्टला २ अँप म्हणजे ८ वॅट, तेच १२ व्होल्टला पाऊण अँपच्या आसपास, आणि वायरीत थोडं पडलं तरी बक त्याचं आउटपुट ४ वरच धरून ठेवतो. लांब वायर कायम जास्त व्होल्टेजची ठेवा. तात्यांच्या विहिरीवर ते अजून चालू आहे, आणि बदललेली दोन मॉड्यूलं पण चांगलीच होती, दुसऱ्या कामात वापरली.

तिसरं, व्होल्टेज सेट करणं. खर्च शून्य, पण मॉड्यूल जाळायची सगळ्यात मोठी संधी हीच. एलएम२५९६ चं तयार बक बोर्ड दुकानातून येतं तेव्हा त्याचा स्क्रू कुठंही असतो, कधीकधी १२ आत तर जवळजवळ ११ बाहेर. त्यामुळे मॉड्यूल न जोडता आधी मीटर लावा, स्क्रू फिरवा (बरेच फेरे काही होत नाही, घाबरू नका, उलट्या दिशेने फिरवा), ४.१ वर आणा, सप्लाय बंद करा, मग जोडा. मग परत मोजा, आणि मोजायचं बकच्या टोकाला नाही, मॉड्यूलच्या पिनेवर. ४.४ च्या वर कधीच नको. एका पोराने माझ्यासमोर मॉड्यूल जोडूनच स्क्रू फिरवायला घेतला, मी "अरे थांब" म्हणेपर्यंत वास आला होता.

डायोडची युक्ती पण फिरते, ५ व्होल्टच्या चार्जरला १एन४००७ लावला की ४.३ मिळतात. चालते, नाही असं नाही, पण हलक्या लोडला डायोड कमी पाडतो, आणि चार्जर ५.२ देणारा असला तर तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. मी घाईच्या वेळी वापरतो, कायमच्या कामाला नाही.

चौथं, कपॅसिटर. दहा-वीस रुपये. १००० मायक्रोफॅरडचा, लो ईएसआरचा (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) मागा, पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत मिळतो, नाहीतर खराब मदरबोर्डवरून काढा पण फुगलेला नको. त्याच्या जोडीला ०.१ मायक्रोचा छोटा सिरॅमिक. दोन्ही मॉड्यूलच्या पिनेला चिकटून, ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावलेला कपॅसिटर म्हणजे गावच्या वेशीवर ठेवलेला माठ. मायनसची पट्टी बघून लावा, उलटा लागला तर फुटतो.

पण कपॅसिटरवर सगळा भार टाकू नका. बरेच जण उनोच्या पिनेतून घेतात आणि म्हणतात मोठा कपॅसिटर लावलाय की. हिशोब बघा, २ अँप ५७७ मायक्रोसेकंद एकट्या १००० मायक्रोमधून काढले तर व्होल्टेज १.१५ ने पडतं. म्हणजे ४ वरून २.८५. फक्त ०.३ पडू द्यायचं तर जवळपास ४००० मायक्रो लागतील. कपॅसिटर मदतनीस आहे, मुख्य करंट सप्लायनेच द्यायचा.

पाचवं, खड्डा डोळ्याने बघा. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर एक जास्तीचा उनो घ्या, तो लॅपटॉपवरून वेगळा चालवा, ग्राउंड एकत्र करा आणि मॉड्यूलच्या प्लस पिनेवरून १ के चा रेझिस्टर लावून उनोच्या ए० या ॲनालॉग पिनेला आणा. प्रोग्राम चार ओळींचा, सतत ॲनालॉग रीड करत राहायचं आणि आतापर्यंतचा सगळ्यात लहान आकडा लक्षात ठेवून सेकंदाला एकदा छापायचा. उनोला एक रीडिंग घ्यायला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एका झटक्यात चार-पाच रीडिंग सहज सापडतात. ५ व्होल्टच्या हिशोबाने ४.० म्हणजे ८१८ आणि ३.४ म्हणजे ६९६. (उनोची ५ ची पिन आधी मीटरने मोजा, लॅपटॉपवर ती ४.८ पण असते, मग हिशोब त्याने.) आता मॉड्यूलवरून कॉल लावा. ७८० च्या खाली जात नसेल तर सप्लाय ठणठणीत. ७०० च्या घरात आला तर तुमचा चोर सापडला. मग एकेक वायर, एकेक कपॅसिटर बदलून तोच आकडा परत बघायचा, अंदाजपंचे काही नाही.

मॉड्यूललाही विचारता येतं. एटी+सीबीसी टाकलं की ते स्वतःचं व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये सांगतं. आणि एटी+आयपीआर=९६०० देऊन बॉड रेट (सीरियलवर बोलायचा वेग) पक्का केला, एटी&डब्ल्यू ने सेव्ह केला, की त्याची तक्रार पण ऐकू येते, "अंडर-व्होल्टेज वॉर्निंग" किंवा "अंडर-व्होल्टेज पॉवर डाऊन". ऑटोबॉडवर, म्हणजे वेग मॉड्यूलने स्वतः ओळखायचा असताना, हे मेसेज येतच नाहीत, म्हणून बऱ्याच जणांनी ते कधी पाहिलेलेच नसतात.

सहावं, सप्लायच बदला. एवढं करून खड्डा राहत असेल तर ॲडॅप्टर किंवा बक दमलाय. १२ व्होल्ट २ अँपचा बरा ॲडॅप्टर आणि एलएम२५९६, हे माझं ठरलेलं कॉम्बिनेशन. एएमएस१११७ सारखे छोटे रेग्युलेटर या कामाचे नाहीत, १ अँपचे आहेत आणि तापतात. बॅटरीवर करायचं तर एक चांगला १८६५० हा गोल लिथियम सेल सरळ लावता येतो, भरलेला ४.२ आणि उतरत ३.५ पर्यंत, मॉड्यूलच्या रेंजमध्येच बसतो. फक्त ९९०० एमएएच लिहिलेला सेल घेऊ नका, १८६५० मध्ये एवढी क्षमता मावतच नाही, आणि असल्या सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स इतका असतो की झटक्याला तोच आधी बसतो.

सातवं, अँटेना. स्प्रिंगसारखा बारका अँटेना डब्यात दाबून बसवला, शेजारी बॅटरी, वरून लोखंडी पेटी, की मॉड्यूल कायम पूर्ण ताकदीने ओरडणार आणि सप्लायवर कायम ताण. बाहेर चुंबकाचा अँटेना लावा, वायर अँटेनाची लांब करा, सप्लायची नको. एटी+सीएसक्यू (सिग्नल किती ते सांगणारी कमांड) ला दहाच्या खाली आकडा असेल तर आधी हेच.

मोटर चालू-बंद होतानाच मॉड्यूल अडकत असेल तर तो वेगळा आजार आहे, काँटॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या मोटर जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलचा स्पाइक, म्हणजे व्होल्टेजची उसळी. रिलेवर डायोड आहे का बघा, काँटॅक्टरच्या कॉइलला आरसी स्नबर (ती उसळी शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लागतो, पण तो लावायचा कुणी ते खाली.

४जीचं ए७६७०सी घेतलं असेल तरी वरचं सगळं लागू आहे. ४जीत ते जास्तीत जास्त ०.२ वॅट सोडतं त्यामुळे झटके सौम्य, पण ४जी गेलं आणि ते २जीवर उतरलं की परत तेच २ अँप. शेतात नेमकं तेच होतं.

आता हात कुठं आवरायचा. ४ व्होल्ट, १२ व्होल्टपर्यंत तुमचं राज्य. स्टार्टरच्या पेटीत ४१५ व्होल्ट असतात, स्नबर असो की काँटॅक्टरची वायर, ते वायरमनचं काम, डीपीवरून लाईट बंद आहे असं कुणी म्हटलं तरी स्वतः हात घालू नका, शेतावर लाईट कधी येईल सांगता येत नाही. ॲडॅप्टर उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात, ॲडॅप्टर सरळ बदलायचाच. सेल फुगला असेल, गरम लागत असेल तर चार्ज करून बघू वगैरे नाही, लगेच बाजूला. आणि मॉड्यूल सर्किटमधून पूर्ण काढल्यावर प्लस-मायनसमध्ये जवळपास शून्य ओहम येत असेल तर ते गेलंय, हॉट एअर घेऊन बसू नका, नवीन घ्या. पण लागोपाठ दुसरंही मेलं तर तिसरं घालू नका. दुरुस्तीवाल्याकडे नाहीतर ओळखीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जा, आणि तिथं "चालत नाही" एवढंच सांगू नका, तीन आकडे कागदावर लिहून न्या: मॉड्यूलच्या पिनेवरचं व्होल्टेज, कॉल लावताना उनोने पकडलेला सगळ्यात लहान आकडा, आणि सीएसक्यू. सोबत वायरीसकट सगळा डबा न्या, नुसतं मॉड्यूल नको.